नदीला नणंद म्हणणारी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते कांद्याच्या चाळीतले सडके कांदे निवडायचं. श्रावण संपत आला होता. हवा दमट असली की उन्हाळी कांदा आतून सडतो आणि एक सडका शेजारचे दहा घेऊन जातो. मी चाळीच्या आत, ती बाहेर. मी कांदा काढून द्यायचा, तिनं दाबून बघायचा. चांगला परत, सडका घमेल्यात. मध्येच म्हणाली, "जरा ध्यान द्या. चांगला कांदा फेकी राह्यनात." मी म्हटलं, "नाक तुला दिलंय, मला नाही दिलं." ती हसली नाही. घमेलं भरलं तसं ते उकिरड्यावर टाकायला उठली, थोडी चालली, खाली बसली आणि चाळीला पाठ टेकली. मला वाटलं दम लागला. पाणी आणायला गेलो. पाणी आणलं तोवर ती गेलेली होती.

त्यावर जास्त लिहायचं नाही. ती कशी होती ते लिहायचं आहे. कारण आता जो येतो तो दारात बसून म्हणतो, "अक्का देवमाणूस होती." हेच लोक तिला येडी म्हणायचे. दोन्ही खोटं. देवमाणूस नव्हती, भांडखोर होती. येडी तर अजिबात नव्हती. फक्त तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती तिनं उभ्या जन्मात खाली ठेवली नाही.

आमचं गाव पांझरेच्या काठी, साक्रीच्या अंगाला. नदीत दगड-चुन्याचा जुना बंधारा आहे. त्यातून पाट निघतो आणि त्या पाटावर गावाची शेतं पिकतात. मोटर नको, लाईट नको, पाणी आपल्या पायानं वावरात येतं. शेतांचे मोठे तुकडे पाडलेत, त्याला आम्ही फड म्हणतो. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीनं घ्यायचं. ही रीत कोणी घातली, बंधारा कोणी बांधला, कोणाला ठाऊक नाही. धुळ्याच्या कॉलेजातले एक मास्तर पोरं घेऊन बघायला आले होते. त्यांनी तिला विचारलं, "आजी, हा कोणी बांधला?"

"ज्याले तहान लागनी त्यानी."

मास्तर खूश झाले. तेवढ्यात तिनं त्यांची सगळी पोरं बंधाऱ्यावरून खाली उतरवली, कारण एक जण बुटाच्या टाचेनं सांध्यातला चुना उकरत होता. मास्तरांनाही उतरवलं.

तिचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला. तिथंही असाच बंधारा होता. होता म्हणजे आजही आहे, नदी नाही. ती लहान असताना तिथल्या लोकांनी पाणी जास्त अडावं म्हणून बंधाऱ्याच्या माथ्यावर पक्की भर घातली. पुढं मोठा पूर आला. पाण्याला माथ्यावरून जाता येईना, म्हणून ते बाजूला वळलं, काठ फोडला, शेतं नेली आणि नदीनं तिकडूनच कायमची वाट केली. बंधाऱ्याचा एक दगड हलला नाही. आज तो कोरड्यात उभा आहे, त्याच्या सावलीत बकऱ्या बसतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो तर हिनं मला जेवणाआधी तो दाखवायला नेलं. नवा जावई, उन्हाचा कहर, पोटात कावळे, आणि ही मला कोरडा बंधारा दाखवते. म्हणाली, "पाह्यना? आते जेवा."

नदीला ती नणंद म्हणायची. "वरीसमा एकदाव येस, भांडा फोडस, चार दिन रुसस, चालनी जास. तिले दार उघडं ठेवो. दार लावशात ते भिंत फोडी." एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी सख्खी बहीण माहेरी आली होती. तिनं हे ऐकलं आणि वहिनी आपल्यालाच बोलते असं धरून रुसून बसली. झोक्यावर बसेना, पुरणपोळी खाईना. ही शेजारणींना म्हणाली, "पाह्या, रुसनी. मी काय सांगस?"

घरात सगळं टांगलेलं. धान्य माळ्यावर, बियाणाचा कांदा आढ्याला, कागदपत्रांचा डबा दोरीनं खुंटीला, त्याच्याखाली कंदील. आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याचं डोकं आपटायचं, मग रामराम-जयभीम व्हायचं. कांद्याची चाळ बांधली तीही गावात सगळ्यात उंच विटांवर. चाळीवरून विजेची तार जायची म्हणून वायरमनशी तीन उन्हाळे भांडली आणि शेवटी खांब हलवून घेतला. वायरमन मला म्हणायचा, "नाना, तुम्ही यांच्यासोबत राहता कसे?" मी म्हणायचो, "वाकून राहतो."

काठावरच्या करंजाला, उंबराला कोणी कुऱ्हाड लावली की ही हजर. त्या झाडांच्या मुळ्यांनी काठ धरून ठेवलाय, एवढंच तिचं म्हणणं. लग्नाच्या मांडवाला उंबराची डहाळी लागते, तर लोक आमच्या बांधावर यायचे, नदीवर जायची छाती नव्हती कोणाची.

पोराच्या लग्नात तर तिनं कहर केला. नवरीचं गाव नदीपलीकडे. पुलावरून जायचं तर मोठा वळसा. उन्हाळा, बंधाऱ्यावरून पाणी नाही, म्हणून डीजेवाल्यांनी ट्रॅक्टर बंधाऱ्यावरूनच घालायचं ठरवलं. मागं वऱ्हाड नाचतंय. ही नवरदेवाची आई, अंगावर नवा शालू, गळ्यात हार. पुढं गेली आणि बंधाऱ्याच्या मधोमध मांडी घालून बसली.

"नेवानी शे ना गाडी? मना अंगवरथून ने."

डीजेवाला मला म्हणतो, "नाना, यांना सांगा ना." मी म्हटलं, "तुझ्याकडे भोंगा आहे, तू सांग." पोरगा घोड्यावरून ओरडतोय, "आई, आज तरी!" नवरीकडचे लोक पलीकडच्या काठावर उभे राहून बघतायत. शेवटी डीजेच्या पोरांनी ते एवढाले डबे डोक्यावर घेऊन पायी पार केले. लग्न उशिरा लागलं. मंडपात ती शालूला लागलेली माती झटकत सुनेजवळ गेली आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरी, घरमा पाणी घुसनं ते पह्यले काय उचलशी?" सून घाबरून म्हणाली, "मोबाईल." ही म्हणाली, "बरं शे. फोन करी सांगजो, आम्ही बुडनूत म्हणून."

आता फळ्यांचं सांगतो, कारण सगळं तिथंच येतं.

मधे काही वर्षं पाऊस कमी झाला आणि खालच्या फडाला पाणी पोहोचेना. माझं वावर खालच्या फडात. गहू डोळ्यादेखत करपला. मग चावडीवर फडाची बैठक झाली. खालच्या फडाचं म्हणणं, बंधाऱ्याच्या माथ्यावर सिमेंटची भर घाला, पाणी वर चढेल, पाट भरून वाहील. मीही तेच म्हटलं, आणि आजही म्हणेन. वावरात पाणी नसेल तर बंधारा काय पुजायचा आहे? पण ही बायकांच्या बाजूनं उठली आणि माहेरची सगळी कथा सुरू केली. लोकांना ती पाठ होती. कोणी तरी म्हणालं, "अक्का, बकऱ्यापर्यंत येऊ नको, ठाऊक शे." हशा पिकला. ती बसली नाही.

घरी आलो. तिनं भाकरी वाढली, तांब्या रिकामा ठेवला.

"पाणी?"

"पाणी जोयजे ना तुमले? सिमिट टाकी ल्या."

हे भांडण पार आखाजीपर्यंत चाललं. आमचे फडाचे अध्यक्ष, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते दोन्हीकडून कंटाळले. शेवटी म्हणाले, "पक्कं काही नको. लोखंडी खाचा बसवू, त्यात फळ्या लावू. पाणी लागलं की लावायच्या, पूर यायच्या आत काढायच्या." सगळ्यांना पटलं. मग एकानं विचारलं, "पूर येताना पाण्यात उतरून काढायच्या कोणी?"

"मी काढसू," ती म्हणाली.

सगळे हसले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण फळी मोठी, सागाची, तिला दोन टोकं. एकट्याचं काम नाही ते. तेव्हापासून एका टोकाला ती, एका टोकाला मी. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या करंजाला. पाण्यात शिव्या मी द्यायचो, हुकूम ती सोडायची.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. माझा बाप फडाचा जागल्या होता. पाटाची राखण, पुरात धावपळ, मध्यरात्री हाक आली की जायचं, आणि सुगीला दारोदार जाऊन धान्य मागायचं. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा गावकीची ही कामं सोडली. बापानंही सोडली. पुढं त्यानं खालच्या फडात वावर घेतलं, म्हणजे आता आम्ही राखणदार नाही, फडवाले. आणि त्याच घरातली सून पुन्हा पाण्यात उतरायला लागली. गल्लीत बोलणं झालं. पोरगा सुरतेला असतो, कापडाच्या कारखान्यात. तो फोनवर तापला.

"आजोबांनी सोडलं ते तू पुन्हा धरलं?"

"गावकी म्हंजे भाकर मांगणं. मी कोनाकडे मांगस का?"

आणि खरंच मागत नव्हती. पहिल्या वर्षी फळ्या काढल्या तेव्हा आबांच्या घरून सूपभर बाजरी आली. तिनं सूप तसंच उचललं आणि आबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आबा, ही बाजरी कसानी?"

"रीत म्हणून पाठवली, अक्का. रागावू नको."

"ती रीत मना सासरानी सोडी दिन्ही. तुमना वावर फडमा शे, मना बी शे. मंग मी तुमले बाजरी धाडू का?"

आबांनी सूप आत ठेवलं. पोराला मी हे फोनवर सांगितलं, म्हटलं आता तरी गप्प बसेल. तो म्हणाला, "बाजरी परत केली, चांगलं केलं. पण पाण्यात कोण उतरतं? आबा उतरतात का?" मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो प्रश्न पुन्हा ऐकला आणि सुरतेत पाऊस आहे का ते विचारलं.

एका वर्षी धुळ्याहून आपत्तीवाले आले, पुराची रंगीत तालीम करायला. नारिंगी जाकिटं, रबरी होडी, भोंगा. एक तरुण साहेब होते. त्यांनी तिला सांगितलं, "आजी, तुम्ही बुडालेल्या बाई व्हा."

"मी कसाले बुडू? दुसरा कोनले बुडावा."

मग मला बुडवलं. मला होडीत घातलं, काठावर आणलं, झोळीवर आडवा केला, छाती दाबली. दोन पोरं मला उचलून पळत होती तेव्हा ही मागून ओरडत होती, "त्यासले राहू द्या तठेच! बंधाराकडे कोन पाही राह्यना?"

साहेब हसत म्हणाले, "आजी, आधी माणूस."

"मानूस पळी जास, साहेब. बंधाराले पाय शेतस का? तो गया ते वाचेल मानसं खातीन काय?"

साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. जाकीट घातलेलंच होतं, तसेच बंधाऱ्यावर चालत गेले. फळ्या बघितल्या, खाचेत बोट घालून बघितलं. मी अजून झोळीवर. परत आल्यावर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, आणि माझंही बरोबर आहे. वरच्या धरणातून पाणी सोडायच्या आधी तुमच्या गावात फोन येईल. तो मी बघतो. पण फळ्या काढायला एकाच घरातली दोन म्हातारी माणसं? हे बरोबर नाही." आबा शेजारीच उभे होते. त्यांनी आभाळाकडे बघितलं.

फोन मात्र तेव्हापासून येतो. साहेबांची बदली झाली तरी येतो.

यंदा पावसानं मध्येच दडी मारली. मका सुकायला लागला, म्हणून खालच्या फडानं पोळ्याच्या आधी फळ्या पुन्हा लावायला लावल्या. भर पावसाळ्यात फळ्या कधी लावत नाहीत. ती लावताना चडफडत होती, पण लावल्या, कारण मका माझाही होता. म्हणाली, "लावस. पन मी सांगसू तवय निंघतीन. तवय कोनी मधमा बोलनार नही." आबा म्हणाले, "तू म्हणशील तेव्हा, अक्का."

आणि चार-दोन दिवसांतच ते कांदे निवडणं झालं.

पोरगा सुरतेहून संध्याकाळी पोहोचला. विहारातल्या लोकांनी वंदना म्हटली, आम्ही तिला अग्नी देऊन आलो. येताना डोंगराच्या बाजूला आभाळ काळं झालेलं मी बघितलं. बघितलं आणि घरात जाऊन बसलो. मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आबा दारात आले. टोपी हातात घेतली, चटईवर बसले. सारखा हात खिशातल्या फोनवर जात होता. मी म्हटलं, "पाणी सोडतात का?"

"दुपारपर्यंत सोडतील म्हणे. वर रात्रभर धो धो पडला." मग घाईनं म्हणाले, "तुम्ही नका उठू, नाना. आज तुमच्याकडे काय मागायचं? मी दोन माणसं पाठवतो."

पोरगा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "कोणती माणसं, आबा? आमच्याच गल्लीतली ना?"

आबांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बाबा, तुम्ही उठायचं नाही," पोरगा मला म्हणाला. "आईनं पुष्कळ केलं. ज्यांना पाणी पाहिजे ते बघतील."

पोराचं चूक नव्हतं. पण मी तिचं माहेर बघितलेलं आहे. फळ्या तशाच राहिल्या तर पाणी बाजूला वळणार, काठ फुटणार, आणि मग पाट नाही, फड नाही, माझ्या बापाचं वावरही नाही. भांडायला सुद्धा काही उरणार नाही. मी उठलो, धोतर खोचलं आणि खुंटीवरचा दोर घेतला.

"माणसं नको, आबा. तुम्ही चला."

"मी?"

"फळीला दोन टोकं आहेत."

"मला पोहता येत नाही, नाना."

"मला तरी कुठं येतं? दोर आहे."

आबांनी पोराकडे बघितलं, दारात जमलेल्या बायांकडे बघितलं. टोपी चटईवर ठेवली आणि उठले.

नदी गढूळ झाली होती, पाणी फळ्यांच्या काठोकाठ आलं होतं. मी आबांच्या कमरेला दोर बांधला, माझ्या कमरेला बांधला. करंजाला गाठ मारायला वळलो तर पोरगा मागून आलेला. त्यानं दोर माझ्या हातातून घेतला, झाडाला वेढा दिला आणि टोक स्वतःच्या हातात धरून उभा राहिला.

पहिली फळी फुगून खाचेत बसली होती. आबा वर उपसायला लागले. मी म्हटलं, "वर नाही, आधी आपल्याकडे ओढा. मग वर." त्यांना जमेना. पाय घसरला, एका गुडघ्यावर आले, पोरानं दोर ताणला. मी शिव्या दिल्या. शिव्या द्यायची सवय होती, कोणाला देतो ते बघितलं नाही. आबा पुन्हा उभे राहिले आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. फळी करकरली आणि सुटली. पाणी त्या जागेतून असं धावलं की आबांच्या तोंडावरच आलं. मग दुसरी. मग पुढच्या सोप्या गेल्या. शेवटची निघाली तेव्हा बंधाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी माथ्यावरून सरळ खाली पडत होतं आणि काठाला हात लावत नव्हतं.

काठावर आल्यावर आबा खालीच बसले. म्हणाले, "हे तुम्ही दर वर्षी करता?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तुमच्या पोराला आणा. तुम्ही फार हळू आहात."

फळ्या काठावर ठेवता येत नाहीत, पूर नेतो, म्हणून गावात आणाव्या लागतात. एक फळी मी पुढून घेतली, आबांनी मागून घेतली, बाकीच्या पोरानं बैलगाडीवर चढवल्या. आम्ही दोघं मोठ्या गल्लीतून, म्हणजे आबांच्या लोकांच्या गल्लीतून, चाललो. आबांच्या डोक्यावर टोपी नाही, धोतरातून पाणी गळतंय, खांद्यावर फळी. ओट्याओट्यावर लोक उठून उभे राहून बघत होते. मी म्हटलं, बघू दे.